खोडातला मुक्काम

भिरूड दिसतो तेव्हा त्याचं काम झालेलं असतं. जूनमध्ये पावसाची पहिली झड ओसरली की कोकणातल्या घरांच्या पडवीत दिव्याभोवती पाखरं जमतात. पंख फुटलेली वाळवी, हिरवे तुडतुडे, नाव-गाव नसलेले पतंग. त्या चिल्लर गर्दीत एखाद्या रात्री काहीतरी जड भिंतीवर आपटतं, खाली पडतं आणि उताणं होऊन पाय झाडत राहतं. मुलं किंचाळतात, मोठ्यांपैकी कुणीतरी चप्पल शोधू लागतं. जुनी माणसं मात्र बसल्या जागेवरून सांगतात, 'भिरूड आहे.' आणि पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, 'कुठल्या कलमातून आला ते बघायला हवं.'

चप्पल पडायच्या आत तो उचलून बघण्यासारखा असतो. धरायचा मागून, पंखांच्या बाजूंनी. जबडे हिरवी साल कातरणारे असल्यामुळे पुढून बोट द्यायचं नाही. अंग बोटभर लांब, राखाडी-तपकिरी, त्यावर बारीक लव. डोक्यामागच्या ढालीवर दोन नारिंगी-लाल ठिपके, आणि ढालीच्या दोन्ही कडांना एकेक टोकदार काटा. पंखांची कवचं जिथे सुरू होतात तिथे काळे चकचकीत उंचवटे, त्यांच्या मधोमध एक पांढरा ठिपका. दोन्ही कुशींना डोळ्यापासून शेपटापर्यंत पांढरा पट्टा ओढलेला. आणि मिशा! नराच्या तर अंगाहून लांब, कमान घेऊन मागे वळलेल्या, खालच्या अंगाने खरखरीत. हातात धरला की तो मान वरखाली करतो आणि करकर आवाज काढतो. आवाज तोंडातून येत नाही. ढालीची आतली कड मागच्या खरबरीत पट्टीवर घासून तो काढलेला असतो. चिडण्याची त्याच्याकडे तेवढीच सोय.

शास्त्रात याचं नाव बॅटोसेरा रूफोमॅक्युलाटा. चार्ल्स डे गीर या स्वीडिश अभ्यासकाने 1775 साली या जातीचं वर्णन केलं. याच प्रजातीतल्या दुसऱ्या एका जातीला, बॅटोसेरा रूबसला, खुद्द वर्गीकरणकार लिनियसने 1758 मध्येच नाव देऊन ठेवलं होतं. भारतापासून जपानपर्यंत आणि खाली न्यू गिनी, ऑस्ट्रेलियापर्यंत या प्रजातीच्या पन्नासहून अधिक जाती पसरलेल्या आहेत. त्या ज्या कुळात मोडतात ते लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचं कुळ तर अफाट आहे. पस्तीस हजारांवर जातींची नोंद झालेली आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांचा जन्म लाकडात होतो. कोकणातल्या माणसाला एवढा गोतावळा ठाऊक असायचं कारण नाही. त्याच्यापुरता भिरूड एकच, आंब्याचा. कृषी सहायक त्याला खोडकिडा म्हणतात. हाच प्राणी अंजीर, फणस, तुती, सावर, शेवगा या झाडांवरही जगतो. मॉरिशस आणि वेस्ट इंडीजमध्ये तो पोहोचलाय, आणि इस्रायल-जॉर्डनच्या बाजूला अंजिरांच्या बागांत त्याने उच्छाद मांडलाय. पण आपल्याकडे तो हापूसच्या नावानेच ओळखला जातो, आणि हापूसच्या नावानेच शिव्या खातो.

दिव्याला आलेला हा मिशाळ पाहुणा म्हणजे त्याच्या आयुष्याचा शेवटचा, दिखाऊ भाग. कोवळ्या फांद्यांची साल कुरतडत, जोडीदार शोधत तो काही आठवडे, फार तर काही महिने काढतो. खरं आयुष्य त्याआधीचं, आणि ते सगळं अंधारात गेलेलं असतं. मादी भर पावसाळ्यात जुन्या झाडाच्या खोडावर किंवा जाड फांदीवर जबड्याने सालीत चीर पाडते आणि त्या चिरेत एक अंडं ठेवते. मग दुसरी चीर, दुसरं अंडं. आठवड्या-दोन आठवड्यांत अळी बाहेर येते आणि येते तीच आत शिरते. सुरुवातीला सालीखालचं ओलं, रसाचं लाकूड खाते. झाडाचं पाणी वर जातं ते याच थरातून. मोठी झाली की ती गाभ्याकडे वळते. डिसेंबर-जानेवारीत वर मोहोर फुलतो, फेब्रुवारीत कणी धरते, एप्रिल-मेमध्ये आंबा उतरून पेट्या मुंबईला जातात. या सगळ्या धामधुमीत ती खाली खात असते. शेवटची पेटी भरून होते त्या सुमाराला तीही खाणं थांबवते, खोडातच कोष करते आणि पहिल्या पावसाला मिशा घेऊन बाहेर पडते. हापूसचं आणि भिरुडाचं वर्ष असं बरोबरीनेच चालतं. फरक इतकाच की एकाचा हिशोब आपण पेट्यांत ठेवतो आणि दुसऱ्याचा ठेवतच नाही.

हिशोब ठेवणारं एक माणूस मी पाहिलं. आमच्या बागेत आयुष्यभर राबलेले तात्या. पावसाळा सरला, नवरात्र आटोपलं, की ते बागेत फिरायचे ते मान खाली घालून. एरवी आंब्याच्या बागेत शिरलेला प्रत्येक माणूस वर बघतो. मालक मोहोर बघतो, व्यापारी फळ बघतो, पाहुणा फांदीवर लटकलेल्या आंब्यासोबत फोटो कसा येईल ते बघतो. तात्या बुंधा बघायचे. बुंध्याशी पडलेला पाचोळा पायाने सारून खालची माती बघायचे. तिथे ओलसर, तांबूस भुसा दिसला की उकिडवे बसून तो चिमटीत धरायचे. ताजा भुसा दमट लागतो, त्यात लाकडाचे तंतू आणि अळीची विष्ठा दोन्ही असतं. मग खोडावर वर कुठे काळपट रस ओघळलाय का ते शोधायचं. एकदा त्यांनी मला खोडाला कान लावायला सांगितला. रानातले आवाज बाजूला सारायला थोडा वेळ गेला. मग आतून आलं, करर्... थांबून पुन्हा करर्. अजिबात घाई नसलेल्या माणसाने सावकाश चर्वण करावं तसं.

'आंबे सगळेच बघतत,' तात्या म्हणाले, 'खोड कोण बघता?'

त्यांच्याकडे सायकलच्या चाकातली एक तार होती, टोक वळवून आकडा केलेली. भोकाचं तोंड कोयतीने थोडं मोकळं करून ते ती तार आत सारायचे, हलकेच फिरवायचे, थांबायचे, पुन्हा सारायचे. बोगदा सरळ नसतो. तार कुठे अडते, कुठे लाकडाला लागते आणि कुठे मऊ काहीतरी लागतं, हे बोटांना कळावं लागतं. मऊ लागलं की एक झटका. तारेबरोबर पांढुरका रस यायचा आणि मागोमाग अळी. करंगळीहून जाड, साधारण अर्धी वीत लांब, पिवळसर पांढरी, अंगावर वळ्या, पाय नावाला नाहीत. पुढच्या टोकाला तपकिरी डोकं आणि त्यात दोन काळे कुळकुळीत जबडे. पाय नसलेली ही काया बोगद्यात पुढे सरकते ती अंगावरच्या फुगवट्यांचा आधार भिंतींना देत. बाहेर उजेडात मात्र ती अगदी असहाय दिसते. तात्या ती कोंबड्यांपुढे टाकायचे, भोकात औषधाचा बोळा घालून वरून शेणमातीने लिंपायचे, आणि पुढच्या झाडाकडे जायचे. औषधं बदलत गेली, काही बंद झाली. तार आणि शेणमाती तीच राहिली.

ही अळी करते काय, तर लाकूड खाऊन जगते. सोपं वाटतं, पण लाकूड पचवणं प्राण्यांना फार कमी वेळा साधलंय. गाय गवत पचवते तीही पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जिवावर. याच कुळातल्या एका आशियाई भुंगेऱ्याचा संपूर्ण जनुकसंच 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा असं दिसलं की वनस्पतीच्या पेशीभित्ती फोडणाऱ्या विकरांचा त्याच्याकडे मोठाच साठा आहे, आणि त्यातली काही जनुकं त्याच्या पूर्वजांनी कधीकाळी जिवाणू आणि बुरशींकडून उचललेली आहेत. उचलेगिरी जुनी, पण त्यावर आख्ख्या कुळाचा संसार उभा राहिला. तरीही लाकडात कस कमी. म्हणून अळीला खूप खावं लागतं आणि तिचं बालपण लांबतं. भिरुडाला साधारण एक वर्ष पुरतं. जपान-चीनकडच्या त्याच्या एका भावंडाची अळी वर्षानुवर्षं खोडात राहते. लाकूड तोडून वाळवलं, त्याचं सामान केलं आणि आत अळी राहून गेली, तर कस आणखी कमी होतो आणि वाढ आणखी मंदावते. उत्तर अमेरिकेतल्या इबुरिया नावाच्या लांबमिशी भुंगेऱ्याने पुस्तकांच्या चाळीस वर्षं जुन्या कपाटातून बाहेर पडल्याची नोंद आहे. त्या कपाटातली किती पुस्तकं तोवर कुणी उघडलीही नसतील.

अशाच एका किड्याच्या हकिकतीशी अमेरिकन लेखक थोरोने 'वॉल्डन'चा शेवट आणून ठेवलाय. एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात साठ वर्षं वापरात असलेलं सफरचंदाच्या लाकडाचं टेबल, आणि एक दिवस त्याच्या जुन्या फळीतून कुरतडत बाहेर आलेला देखणा किडा. अंडं घातलं गेलं तेव्हा ते लाकूड म्हणजे जितंजागतं झाड होतं. दुर्गाबाई भागवतांनी हे पुस्तक मराठीत आणलं, त्यामुळे ही गोष्ट आपल्याकडेही अनेकांनी वाचलेली आहे. थोरोला त्यात आशा दिसली. माणसाच्या आतही असं काही वर्षानुवर्षं दडलेलं असेल आणि एखाद्या दिवशी पंख फुटून बाहेर येईल, असं त्याला वाटलं. मला ती पानं आवडतात. पण कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला ती वाचून दाखवली, तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: टेबल शाबूत राहिलं का?

आशा असो की शिवी, दोन्हींत किडा निमित्तमात्र. त्याच्याकडे त्याच्यासाठी म्हणून बघणारी माणसं थोडी. फ्रान्सच्या दक्षिणेला सेरिन्यां या गावी राहणारा कीटक-अभ्यासक फाब्र त्यांतला एक. हिवाळ्यासाठी जळण घेताना तो लाकूडतोड्याकडे मुद्दाम जुने, किडींनी चाळण केलेले ओंडके मागायचा. लाकूडतोड्याला हे खुळंच वाटत असणार. त्या ओंडक्यांत ओकच्या झाडावरच्या लांबमिशी भुंगेऱ्याच्या अळ्या असायच्या, भिरुडाच्या लांबच्या नात्यातल्या. फाब्रने त्यांच्या ज्ञानेंद्रियांच्या परीक्षा घेतल्या. दिसत काही नाही, ऐकू येत नाही, वासाचं भान नाही. आणि असला प्राणी कोष करण्याआधी एक गोष्ट करतो. तीन वर्षं गाभ्यात भटकल्यावर तो सालीच्या दिशेने वळतो, पूर्ण वाढलेला भुंगेरा मावेल एवढी रुंद वाट जवळजवळ बाहेरपर्यंत खणतो, शेवटचा पातळ पडदा ठेवतो, मग मागे सरकून स्वतःसाठी खोली करतो, तिच्या भिंतींना लाकडाच्या तंतूंचं अस्तर लावतो, दाराला खडूसारख्या पांढऱ्या द्रव्याचं झाकण बसवतो, आणि डोकं दाराकडे करूनच झोपी जातो. उलटं झोपून चालणार नाही, कारण कोषातून निघणाऱ्या ताठ चिलखती भुंगेऱ्याला त्या जागेत वळता येत नाही. मोठ्या भुंगेऱ्याला स्वतः वाट काढता येते का, हेही फाब्रने करून पाहिलं. ओकच्या कोरलेल्या ठोकळ्यांत त्याने मोठे भुंगेरे कोंडले. एवढे दणकट जबडे असूनही त्यांना लाकूड भेदून बाहेर येता आलं नाही. म्हणजे पुढच्या आयुष्याची वाट आधीच्या आयुष्यात खणून ठेवावी लागते, आणि ती खणणाऱ्याला त्या वाटेने कधी जायचं नसतं. फाब्रने याला सहजप्रेरणा म्हटलं. मला ते वाचताना कलमं लावणाऱ्या आमच्या पणजोबांची आठवण होते, पण तुलना इथेच थांबवलेली बरी. पणजोबांना डोळे होते.

बघणाऱ्या दुसऱ्या माणसाने तर असे किडे विकून आपल्या प्रवासाचा खर्च काढला. निसर्ग-अभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस 1855 मध्ये बोर्निओतल्या सारावाकमधल्या सिमुंजोन इथे गेला, तेव्हा तिथे कोळशाची नवी खाण सुरू होत होती. रेल्वेसाठी आणि वखारीसाठी जंगल तोडणं चाललं होतं, जिकडेतिकडे पडलेली झाडं, करवतींचा भुसा, ऊन खाणाऱ्या साली. भुंगेऱ्यांना याहून मोठं आमंत्रण कुठलं? वॉलेसने चिनी आणि दायाक मजुरांना दर किड्यामागे एक सेंट देऊ केला आणि रोज नव्या जाती येऊ लागल्या. एका दिवशी त्याने 76 प्रकारचे भुंगेरे गोळा केले, त्यांतले 34 त्याला सर्वस्वी नवे होते. बोर्निओत मिळालेल्या सुमारे दोन हजार जातींपैकी शंभरेक सोडल्या तर सगळ्या याच चौरस मैलभर जागेतल्या, आणि त्यांत लांब मिशांवाले तीनशेच्या आसपास. दोन वर्षांनी तो आरू बेटांवर होता. त्याच मुलखातल्या एका थोर बॅटोसेराला 1858 मध्ये त्याचं नाव मिळालं, बॅटोसेरा वॉलेसी. अंग बोटभर आणि मिशा वीतभर. संग्रहालयातल्या पेटीत टाचणीला लावलेला हा भुंगेरा बघताना लोक मिशांनी थक्क होतात. तो मिळाला ती जागा म्हणजे पाडलेलं जंगल असू शकतं, हे लेबलावर लिहिलेलं नसतं.

पडलेलं झाड भुंगेऱ्यांना बोलावतं, हे मध्य भारतातल्या वनखात्यालाही ठाऊक होतं. सालवृक्षाला लागणारा होप्लोसेरँबिक्स हा याच कुळातला. त्याला पकडायची जुनी युक्ती अशी की एखादा साल मुद्दाम पाडायचा, ठेचायचा, रस वाहू द्यायचा. वासाने भुंगेरे लांबून येतात, रस पिऊन सुस्तावतात, आणि गावकरी ते वेचून पैसे घेतात. वॉलेसचा एक सेंट इथे वेगळ्या कामाला आला. पण 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशात मंडला-दिंडोरीच्या बाजूला या किड्याची लाट आली, तेव्हा ती वेचून सरेना. लाखो झाडं तोडावी लागली. किडा तिथे आधीपासून होताच, दर पावसाळ्यात थोडी थोडी म्हातारी झाडं घेत होता. लाट दिसली तेव्हा जंगलाचं आतलं काहीतरी बरंच आधी बिघडलं होतं.

दुसरी लाट समुद्रावरून गेली. 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मेपलच्या झाडांना गोल गोल भोकं पडलेली दिसली. भुंगेरा चीनमधला निघाला, काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला. ज्याच्या जनुकांची गोष्ट वर आली तोच. मालाच्या कच्च्या लाकडी खोक्यांत त्याच्या अळ्या बसून आल्या होत्या. कस्टमने खोक्यातला माल तपासला असेल, खोका कोण तपासतो? दोन वर्षांनी तो शिकागोत सापडला. हजारो झाडं तोडून जाळावी-दळावी लागली. अशा अनुभवांतून 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय नियम आला: देशाबाहेर जाणारं पॅकिंगचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला निदान अर्धा तास तापवायचं, किंवा धुरी द्यायची, आणि तसा शिक्का मारायचा. उरण-न्हावाशेवाच्या बाजूला कुठल्याही गोदामाबाहेर पडलेलं लाकडी पॅलेट उलटून बघा. कडेला डागलेला शिक्का दिसेल: गव्हाची ओंबी, आयपीपीसी ही अक्षरं, देशाचा संकेत, आणि तापवलं असेल तर एचटी. जगभरच्या व्यापाराने एका अळीपुढे काढलेला हा दाखला आहे. हमालापासून कप्तानापर्यंत शेकडो माणसं रोज तो हाताळतात.

आता गंमत बघा. युरोपात याच कुळातला ओकवरचा मोठा भुंगेरा, फाब्रच्या ओंडक्यातल्यांच्या जातकुळीचा, 1992च्या अधिवास निर्देशाखाली संरक्षित आहे. आल्प्सच्या बाजूचा निळसर राखी रोझेलियाही. त्यांना मारणं गुन्हा, त्यांचं झाड तोडायचं तर परवानगी. म्हातारी, पोकळ, अर्धमेली झाडं तिथे इतकी साफ केली गेली की अशा झाडांवर जगणारे जीवच दुर्मीळ झाले. आणि अर्धमेलं झाड म्हणजे नुसती मोडतोड नव्हे. लांबमिशी अळ्यांसाठी सुतारपक्षी येतात, पोखरलेल्या जागी बुरशी येते, ढोली होते, ढोलीत पिंगळा येतो. कोकणात जुन्या आंब्यांच्या ढोल्यांत धनेश वीण करतो. त्याला स्वतःला ढोली कोरता येत नाही, कुणीतरी आधी लाकूड सडवून-पोखरून दिलेलं असावं लागतं. जंगलात भिरूड हा धंदा फार जुन्या काळापासून इमानाने करतोय. थकलेलं झाड ओळखायचं आणि ते पुढच्यांच्या हवाली करायचं.

भांडण आहे ते बागेत. आणि इथे तात्यांचं म्हणणं मला दिवसेंदिवस अधिक पटतं. भिरूड कुठल्याही झाडावर बसत नाही. त्याला बरं वाटतं ते म्हातारं, खचलेलं, जखमी झाड. फांदी तोडल्यावर बोर्डो पेस्ट न लावता उघडी राहिलेली कापणी, वर्षानुवर्षं न काढलेली बांडगुळं, बुंध्याशी माजलेलं रान. हापूस मुळात एकाआड एक वर्ष धरणारा. त्याला दरवर्षी धरायला लावण्यासाठी मुळांशी पॅक्लोब्युट्राझॉल द्यायची पद्धत रूढ झाली, बागायतदारांच्या बोलीत कल्टार. मात्रा सांभाळून, खतपाणी घालून दिलं तर झाड सोसतं. पण बाग करारावर गेली की करार घेणाऱ्याला झाडाचं म्हातारपण दिसत नाही, त्याला करार संपायच्या आत पेट्या दिसतात. आणि बाग करारावर का जाते? कारण मालक मुंबईत, पुण्यात, क्वचित मेलबर्नला. सातबाऱ्यावर नावांची रांग, त्यातली निम्मी माणसं एकमेकांना लग्नातच भेटतात. राखणीला नेपाळहून आलेला गडी, त्याची नेमणूक आंबा चोरीला जाऊ नये म्हणून. खोड कुणी चोरत नाही, तेव्हा खोडाची राखण कुणाच्याच कामात बसत नाही.

आतून पोखरणारा शत्रू म्हणून हा प्राणी भाषण करणाऱ्यांना फार सोयीचा आहे. त्याचा दाखला देऊन कुठल्याही संस्थेचं, पक्षाचं, घराण्याचं वाटोळं समजावून सांगता येतं, आणि दोष नेमका त्या किड्यावर टाकता येतो. मला यात किड्यावर अन्याय दिसतो. फसवणं, लपणं हा त्याचा स्वभाव नाही. तो आत असतो कारण त्याचं अन्न आत आहे, आणि आत असतानाही तो रोज भुसा बाहेर टाकत असतो. बुंध्याशी ताजा, ओला, तांबूस भुसा. त्याहून उघड निरोप कुठला असतो? तो वाचायला ऑक्टोबरात बागेत यावं लागतं, जेव्हा वर मोहोर नाही, फळ नाही, फोटो काढावा असं काही नाही, आणि गवतात साप असतात. झाडावर प्रेम आहे असं आपण सगळेच म्हणतो. ते प्रेम बहुतेक वेळा एप्रिल-मेपुरतं असतं. बिनफळाच्या महिन्यांत झाडाशी जाऊन बसणं ही निराळी गोष्ट आहे. ती जिथे होते तिथे भिरूड असतो, पण झाड मरत नाही. एखादी तार, थोडी शेणमाती, एवढ्यावर भागतं.

तात्या आता थकलेत. त्यांच्या सांगण्यावरून गेल्या ऑक्टोबरात मी बागेत मान खाली घालून फिरलो आणि एका जुन्या कलमाच्या बुंध्याशी पडलेल्या भुशाचा फोटो घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'भिरूड लागलाय, दिवाळीला कुणी येणार असेल तर दोन दिवस बागेसाठी ठेवा.' काही अंगठे आले. एक जोडलेले हात आले. काकांनी सुप्रभात घातलं. बोरिवलीच्या चुलतभावाने विचारलं, यंदा पेटी साधारण कधी मिळेल. मी म्हटलं, पेटीचं मे महिन्यात बघू, खोडाचं आत्ता बोला. त्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग रात्री पुण्याच्या पुतणीचा वेगळा मेसेज आला. ती सायकलने कॉलेजला जाते. तिने विचारलं होतं, 'काका, तार नवी चालेल की जुनीच लागते?'